लॅपटॉप परत येतोय

ती. आई-बाबा, सा. न.

बाबा, आधी सांगून टाकते, मग हवं तर रागवा. तुमच्या लॅपटॉपवरचं विंडोज मी काढलं आणि त्याच्या जागी लिनक्स मिंट ह्या दुसऱ्या प्रणालीची हलकी, एक्सएफसीई नावाच्या साध्या मांडणीची आवृत्ती टाकली. नवा घ्यायला हात आखडला म्हणून नव्हे हो. विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपले. विंडोज 11 ला किमान 64 जीबी जागा लागते आणि तुमच्याकडे आहे 32, तीही बोर्डावरच सोल्डर केलेली, वाढवता न येणारी. अपडेट दर वेळी अर्ध्यात अडकायचं ते जागेअभावी, तुमचं काही चुकत नव्हतं. मिंटचं 20 जीबीत भागतं आणि 2029 पर्यंत अपडेट मिळतील. शिवाय तुमची बोटं ह्याच कीबोर्डला सरावलीत.

काही हरवलेलं नाही. गुहागरच्या लग्नाचे फोटो, कलमांचा हिशेब, सगळं आधी 128 जीबीच्या पेनड्राइव्हवर उतरवलं. मेनू पूर्वीसारखाच खाली डाव्या कोपऱ्यात आहे. बँक, मेल, व्हॉट्सॲप वेब आणि पंधरा रुपयांचा डिजिटल सातबारा फायरफॉक्समध्ये उघडतो. मराठी टाइप करायला इनस्क्रिप्ट ही अक्षरांची मांडणीच ठेवलीय, ऑल्ट-शिफ्ट दाबलं की येते. वीज गेली की तुम्ही कंदील माझ्या पुस्तकाकडे सरकवायचात ना, तसं तुमच्यासाठी अक्षर मोठं करून ठेवलंय.

आता नीट ऐका. खालच्या पट्टीत ढालीचं चिन्ह आहे. त्यावर ठिपका दिसला की दाबून अपडेट घ्या, पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर आहे. जुने कर्नल, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्त्या, आपोआप निघतील असं लावून दिलंय, नाहीतर तेच जागा खातात. टाइमशिफ्ट, म्हणजे प्रणालीच्या प्रती काढून ठेवणारा प्रोग्राम, चालू करायचा नाही. त्याच्या प्रती ह्याच 32 जीबीत साठतात आणि डिस्क काठोकाठ भरली की लॉगिनच होत नाही. नवे फोटो पेनड्राइव्हवरच ठेवा. रॅम 4 जीबी आहे, तेव्हा एका वेळी चार-पाच टॅब, जास्त नको.

यूएसबीच्या पत्र्यावर खाऱ्या वाऱ्याने गंज धरला होता, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला. समुद्राकडच्या खिडकीत आता ठेवूच नका. गडगडायला लागलं की चार्जर आणि वायफायचा अडॅप्टर दोन्ही काढायचे. लॅपटॉप अडकला तर दोन मिनिटं थांबा, लगेच बटण दाबून धरू नका. लिहिताना बंद झाला तर फाइल बिघडते.

हयातीचा दाखला मात्र मोबाइलवरच करायचा, चेहरा दाखवून. त्याला हा लॅपटॉप लागत नाही.

आई, बाबांना झोपाळ्यावर मान वाकवून बसू देऊ नकोस, मेजावरच बसव. आणि तुझी रक्तदाबाची गोळी सकाळी चहाआधीच घे, आठवण मीच करीन. काही अडलं तर कुणा अनोळखी फोनवाल्याचं न ऐकता मला लावा, रात्री कितीही वाजले असले तरी.

तुमची लेक