खडू माझ्या हाती देणाऱ्या क्रेन ऑपरेटर काकांना

आदरणीय काका,

तुमची क्रेन ट्रेलरवर चढवून तुम्ही आमच्या साइटवरून निघालात तेव्हा मी आत काँक्रीटच्या नोंदी पूर्ण करत होते, आणि बाहेर येईपर्यंत ट्रेलर फाटकाबाहेर पडला होता. आभार मानायचे राहून गेले. त्याची रुखरुख गेले दहा दिवस मनात आहे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. क्रेन चालवणाऱ्यांनी, आणि त्यांच्यासमोर उभे राहून उचल ठरवणाऱ्या माझ्यासारख्या नवख्या अभियंत्यांनी ते वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

पंपगृहाच्या कोपऱ्यात टवका उडालेली, मध्यावर तडा गेलेली एक प्रीकास्ट, म्हणजे आधीच ओतून तयार केलेली, तुळई पडली होती. ती तुम्ही आल्या आल्या पाहिलीत, पण ती बाद कशी झाली हे मला एका शब्दानेही विचारले नाहीत. आज मीच सांगते. तुमच्या आधी ज्यांना हे काम दिले होते, त्यांनी ट्रक-क्रेन आणली होती. इमारतीच्या पायासाठी खोदलेले खड्डे आणि मातीचे ढीग यांतून ती आत येणे शक्यच नव्हते, म्हणून त्यांनी ती बाहेरच्या पक्क्या रस्त्यावरच उभी केली आणि तिथूनच तुळई उचलायचे ठरवले. अंतर कोणी मोजले नाही, वजन कोणी विचारले नाही. मी विचारायला गेले तेव्हा उत्तर मिळाले, "मॅडम, क्रेन 60 टनी आहे, तुळई फार तर सात-आठ टन असेल, तुम्ही सावलीत बसा." तुळई जमिनीवरून सुटताच केबिनमधला भोंगा वाजू लागला आणि ऑपरेटरने किल्ली फिरवून तो बंद केला. काही क्षणांत पलीकडच्या बाजूचे दोन्ही आउटरिगर, म्हणजे क्रेनला आधार देणारे बाजूला पसरलेले पाय, जमिनीपासून वीतभर उचलले गेले, घाबरून त्याने भार एकदम सोडला आणि तुळई स्लीपरवर आदळली. कोणाला इजा झाली नाही, हे केवळ नशीब. त्यानंतर त्या लोकांनी फोन उचलणे बंद केले आणि पुढच्या बैठकीत निरोप धाडला की साइटवरच्या मॅडमनी जागा नीट तयार ठेवली नव्हती. नवी तुळई ओतून तिला 28 दिवस पूर्ण होईपर्यंत आम्ही थांबलो. त्या 28 दिवसांत, चूक खरोखर माझीच होती असे मला हळूहळू वाटू लागले होते.

त्यानंतर तुम्ही आलात. रफ टेरेन क्रेन मी तोवर फक्त चित्रात पाहिली होती. दोनच आस, चार एकसारखी माणसाच्या छातीपर्यंत येणारी चाके, चारही चाकांना इंजिनाची ओढ, आणि गाडी हाकायला व उचल करायला एकच केबिन. रस्त्यावर लांबचा पल्ला गाठणे हे तिचे काम नव्हे, म्हणूनच ती ट्रेलरवर बसून येते. पण जिथे रस्ता संपतो तिथून पुढे तिला तोड नाही, हे मी त्या सकाळी पाहिले. पायाच्या खड्ड्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवरून तुम्ही तिला आत आणलीत, तेव्हा मागचा आस जमिनीच्या उंचसखलपणाप्रमाणे झुलत होता आणि चारही चाके मातीला धरून होती. बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, समोरून बाजूला वळू लागला की तोच आस आपोआप जखडला जातो, हे तुम्ही नंतर दाखवलेत. दोन खांबांमध्ये वळायला जागा उरली नाही तेव्हा तुम्ही पुढची व मागची चाके एकाच दिशेला वळवलीत आणि एवढे अवजड यंत्र खेकड्यासारखे तिरके सरकत नेमक्या जागी येऊन थांबले. आमचे गवंडी हातातले काम टाकून पाहत राहिले होते.

या जवळ येण्याचे मोल मला तोवर कळले नव्हते. 60 टन हा आकडा बूम आखडलेला असताना, फिरण्याच्या केंद्रापासून जेमतेम 3 मीटरवरच्या भारासाठी असतो. तुमच्या लोड चार्टमध्ये, म्हणजे किती अंतरावर किती भार उचलता येतो हे सांगणाऱ्या तक्त्यात, 60 टनी क्रेनच 12 मीटर त्रिज्येला 14.2 टन उचलत होती आणि 15 मीटरला फक्त 9.4 टन. बाहेरच्या रस्त्यापासून तुळईच्या जागेचे अंतर मी नंतर टेपने मोजले, ते 15 मीटरहूनही अधिक भरले. ती ट्रक-क्रेन होती आणि तिचा चार्ट वेगळा होता हे मान्य, परंतु कोणत्याही क्रेनची ताकद अंतराबरोबर अशीच झरझर उतरते, आणि तो चार्ट त्या दिवशी कोणी उघडलासुद्धा नव्हता.

तुम्ही मात्र इंजिन बंद करून खाली उतरलात आणि पहार मागितलीत. चारही आउटरिगर जिथे टेकणार होते त्या जागा तुम्ही स्वतः ठोकून पाहिल्यात. मागच्या डाव्या कोपऱ्यात पहार हातभर आत गेली, कारण तिथला खड्डा महिन्याभरापूर्वीच बुजवला होता आणि वरून माती सपाट दिसत होती. केबिनमधला संगणक बूमची लांबी, त्याचा कोन आणि तो उचलून धरणाऱ्या सिलिंडरमधला दाब यांवरून भार काढतो आणि मर्यादा ओलांडली की हालचाल थांबवतो, पण पायाखालची जमीन कशी आहे हे त्याला कळत नाही. हे तुमचे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे. मग तुम्ही क्रेन पुन्हा तिरकी सरकवलीत, उघड्या 2 मीटर खोल खड्ड्याच्या काठापासून 4 मीटर दूर राहून, आणि प्रत्येक आउटरिगरखाली दीड मीटर चौरस लाकडी मॅट घातलीत. त्यामागचा हिशेब तुम्ही मलाच करायला लावलात. बूम एका कोपऱ्यावरून फिरताना त्या एकाच पायावर 30 टन येतील असे धरले, तर आउटरिगरच्या 60 सेंटिमीटर व्यासाच्या गोल तळव्याखाली चौरस मीटरला सुमारे 106 टनांचा दाब पडतो. मॅट घातल्यावर तो साडेतेरा टनांच्याही आत येतो. क्रेन समतलात आणताना तुम्ही घेतलेला वेळ आमच्या मुकादमाला जास्त वाटला होता. पण 30 मीटर उंचीवरचे टोक फक्त एका अंशाच्या कलाने अर्धा मीटर बाजूला जाते, हे तुम्ही त्यालाही तितक्याच शांतपणे समजावलेत.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहिते आहे, ती सांगते. सगळी मांडामांड झाल्यावर तुम्ही विचारलेत, "वजन किती?" मी कागद चाळू लागले. माझा हात थरथरत होता, आणि मागे उभ्या असलेल्यांपैकी कोणीतरी म्हणाले, "दहा टन धरा आणि उचला." तुम्ही त्यांच्याकडे पाहिले नाहीत. खिशातून खडूचा तुकडा काढून तो माझ्यासमोर धरलात आणि म्हणालात, "मापे तुम्हाला पाठ असतील, इथेच मांडा. मी थांबतो." एवढेच. मी शेजारच्या पेडेस्टलच्या, म्हणजे बुटक्या चौथऱ्याच्या, काँक्रीटवर लिहू लागले: 14 मीटर गुणिले 0.35 गुणिले 0.75, म्हणजे 3.675 घनमीटर; घनमीटरला अडीच टन धरून 9.19, म्हणजे 9.2 टन. मी थांबले तेव्हा तुम्ही फक्त हुकाकडे बोट दाखवलेत, आणि मला आठवले की हूक, भार टांगायचा आडवा दांडा म्हणजे स्प्रेडर बीम, बांधायचे दोर म्हणजे स्लिंग आणि ते जोडणाऱ्या कड्या म्हणजे शॅकल हेसुद्धा क्रेनलाच उचलायचे असतात. स्प्रेडर बीम 0.5, हूक 0.6, स्लिंग व शॅकल मिळून 0.2, एकूण 10.5 टन. टेपने त्रिज्या 11.5 मीटर आली होती, पण तुम्ही पुढची, 12 मीटरची ओळ वाचायला सांगितलीत. 14.2 पैकी 10.5, म्हणजे 74 टक्के. तुम्ही खडू घेऊन त्या बेरजेखाली दोन रेघा ओढल्यात आणि केबिनमध्ये चढलात.

काका, तो हिशेब तुम्ही माझ्याआधी मनात केला असणार याबद्दल मला शंका नाही. तरीही जितका वेळ मला लागला तितका वेळ तुम्ही त्या चिखलात उभे राहिलात, आणि ज्यांनी मला सावलीत बसायला सांगितलेले ऐकले होते त्यांच्यासमोरच तुम्ही माझ्या हातची बेरीज प्रमाण मानलीत. माझ्या शिक्षणाच्या वर्षांत आणि नोकरीतही अनेकांनी मला ज्ञान दिले आहे, परंतु मी चुकेन या भीतीने वाकले असताना, मला येते असे गृहीत धरून कोणी समोर उभे राहिल्याचा अनुभव फार थोड्या वेळा आला. माणसाची सभ्यता मला तोवर गोड बोलण्यात दिसत असे. त्या दिवशी ती मला घाई न करण्यात दिसली.

उचल तर पाऊण तासात झाली आणि तिच्याबद्दल सांगण्यासारखे फार थोडे आहे. तुळई वीतभर उचलून तुम्ही थांबलात, सगळे आउटरिगर पुन्हा पाहायला लावलेत, आणि मला केबिनजवळ बोलावून पडदा दाखवलात. भाराने बूम किंचित वाकला होता आणि त्रिज्या 11.5 ची 11.9 झाली होती. पुढची ओळ का वाचायची, हे त्यानंतर कोणी सांगायची गरज उरली नाही. दोन्ही टोकांना बांधलेले दोर धरून आमच्या माणसांनी तुळई फिरू दिली नाही, आणि ती ब्रॅकेटवर बसली तेव्हा काहीच आवाज झाला नाही. आधीचा तो आदळल्याचा आवाज माझ्या कानांतून तेव्हा कुठे गेला.

दुपारी जेवताना मुकादमाने तुम्हाला विचारले होते की उरलेल्या हलक्या फ्रेम आउटरिगर न टेकवता, क्रेन टायरवरच ठेवून, उचलून चालत नेता येतील का. तुम्ही नाही म्हणालात. त्यासाठी वेगळा चार्ट असतो, क्षमता बरीच कमी धरतात, बूम समोर ठेवावा लागतो आणि जमीन घट्ट व सपाट लागते. इथे ती तशी नाही, असे तुम्ही सांगितलेत. अमेरिकन पद्धतीच्या चार्टमध्ये आउटरिगरवरची क्षमता उलटण्याच्या भाराच्या 85 टक्क्यांपर्यंत आणि टायरवरची 75 टक्क्यांपर्यंतच धरतात, हे मी नंतर शोधून वाचले. तुम्ही हो म्हणाला असतात तर एक दिवस वाचला असता आणि सगळे खूशही झाले असते. त्या नकाराबद्दलही मी तुमची ऋणी आहे.

आधीच्या लोकांबद्दल माझ्या मनात राग आहे आणि तो मी लपवत नाही. यंत्रात सुरक्षेसाठी बसवलेला भोंगा किल्लीने बंद करणाऱ्याला क्रेन देणारे मालक, ती किल्ली केबिनमध्येच ठेवणारे मालक, यांनी त्या बाद तुळईसमोर येऊन एकदा उभे राहावे असे मला वाटते. ती अजून तिथेच आहे.

तुम्ही रेघा ओढलेले पेडेस्टलही आहे, पण ते जोत्याच्या पातळीखाली येते आणि येत्या आठवड्यात तिथे भराव पडणार आहे. मधल्या दिवसांत एकदा शिंतोडे पडून गेले, तरी आज सकाळपर्यंत सगळे वाचता येत होते: 9.2, 0.5, 0.6, 0.2, त्याखाली माझ्या वाकड्या अक्षरातले 10.5, आणि त्याखाली तुमच्या दोन सरळ रेघा.

तुमची कृतज्ञ,
पंपगृहाच्या साइटवरची अभियंता