छपाईआधी पिक्सेल मोजा

महोदय,

मोबाइलच्या पडद्यावर लख्ख दिसणारे छायाचित्र कागदावर धूसर उमटले, की सर्रास छपाईयंत्राला बोल लावला जातो. खरे कारण बहुतेक वेळा फाइलमध्येच असते. हातात धरून पाहायच्या छायाचित्रासाठी दर इंचाला सुमारे ३०० पिक्सेल (चित्र ज्यांनी बनते ते बारीक ठिपके) लागतात, म्हणजे ४ बाय ६ इंचांच्या प्रतीसाठी १२०० बाय १८०० आणि ८ बाय १० इंचांसाठी २४०० बाय ३०००. मेसेजिंग अ‍ॅपवरून पाठवलेले छायाचित्र मात्र अनेकदा आकसून पोहोचते. १६०० बाय १२०० पिक्सेलचे असे चित्र १२ इंच रुंदीला ताणले, तर इंचाला जेमतेम १३३ पिक्सेल उरतात आणि पापण्यांचे केस, कापडाची वीण यांचा चक्क लगदा होतो. सॉफ्टवेअरमध्ये ‘दर इंचाला पिक्सेल’च्या रकान्यातले ७२ खोडून नुसते ३०० लिहिल्याने गेलेला तपशील परत येत नाही, हे ग्राहकाला सांगण्याची तसदी फार थोडे छपाईवाले घेतात. लांबून पाहायच्या पोस्टरला १५० देखील चालून जातात, ही गोष्ट वेगळी. ग्राहकांनी मूळ फाइल आकसू नये म्हणून अ‍ॅपवरून ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी आणि छपाई केंद्रांनी पैसे घेण्यापूर्वी पिक्सेलची मापे तपासून त्यांना स्पष्ट कल्पना द्यावी, ही विनंती.

– एक वाचक