पिंक फ्लॉइडसारखं पुस्तक

बेळगाव

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "आई, पिंक फ्लॉइड ऐकून झाल्यावर जसं होतं, तसं करणारं पुस्तक आहे काय गं?" मी गडबडीत त्या इंग्लिश रॉक बँडचा इतिहास वाच म्हणाले. फोन ठेवल्यावर चुटपुट लागली. त्यांची माहिती तुला तोंडपाठ आहे. तू मागत होतास सोबत.

त्यांनी स्वतः जिथून घेतलं, ती पुस्तकं आधी सांगते. 1977 च्या 'ॲनिमल्स' अल्बममधली डुकरं, कुत्री, मेंढरं ऑरवेलच्या 'ॲनिमल फार्म'वरून आली, ते तू वाचलंयस. पण 1967 च्या पहिल्या अल्बमचं नाव, 'द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन', केनेथ ग्रॅहमच्या 'द विंड इन द विलोज'मधल्या सातव्या प्रकरणाचं आहे. दोन मित्र रात्री होडीतून पाणमांजराचं हरवलेलं पिल्लू शोधत निघतात. पहाटे पाव्याचा सूर ऐकू येतो, त्यामागे जातात, तर पिल्लू देवाच्या पायांशी झोपलेलं. परतताना काय पाहिलं ते दोघांनाही आठवत नाही. पुस्तक मुलांचं आहे, तरी एवढं प्रकरण जरूर वाच.

तू बारावीला असताना पावसाळ्यात वरच्या खोलीत त्यांचं 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' लागायचं. मी जिन्यात ओले कपडे पसरत असायची आणि मनात म्हणायची, गाणारा आहे तरी कुठे? शब्द यायला आठ मिनिटांहून जास्त लागतात. पुढेपुढे मी त्या शब्दांसाठी जिन्यातच थांबायला लागले. असं थांबणं मला जुनं ओळखीचं होतं. जी. ए. कुलकर्णींच्या कथेत हेच होतं. आधी ऊन, दगड, धूळ, एक वाट. माणूस बोलेपर्यंत आपण पुरते आत गेलेलो असतो.

जी. ए. आपल्या चिकोडीकडचे, एकसंब्याचे. धारवाडला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. 'पिंगळावेळ'मध्ये त्यांची 'स्वामी' नावाची कथा आहे. एका वाटसरूला मठात नेतात, मान देतात आणि जमिनीखालच्या खोलीत कोंडून स्वामी करून टाकतात. सेवा चोख, दार बंद. पुस्तक 1977 चं. त्यानंतर दोन वर्षांनी पिंक फ्लॉइडचा 'द वॉल' अल्बम आला. तुझ्या गाण्यांतला माणूस आपल्याभोवती एकेक वीट चढवत जातो. जी. एं.च्या माणसाभोवती दुसरेच भिंत घालतात, तीही हात जोडून. मला ही कथा जास्त भयंकर वाटते. तिकडे शेवटी भिंत कोसळते. इथे माणूस बाहेर येत नाही. त्याने जपलेला वेल हवेच्या भोकातून वर उजेडाकडे जातो. ते पान वाचून झालं त्या रात्री मला दिवा मालववेना.

आणि त्यांच्या 'विश यू वेअर हिअर' अल्बमसाठी इंदिरा संत. त्यांचा सुरुवातीचा गायक सिड बॅरेट 1968 मध्ये बँडपासून तुटला. जिवंत होता, पण त्यांच्यातला राहिला नव्हता. त्या अल्बमभर त्याची रिकामी जागा आहे. इंदिराबाई आपल्या बेळगावातच राहिल्या. 1946 मध्ये त्यांचे पती, कवी ना. मा. संत गेले. 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ' हे संग्रह त्यानंतरचे. त्यांच्या कवितेत आकांत नसतो. रोजचं घर, पाऊस, संध्याकाळ असते, आणि एक माणूस नसतो. तू बंगळूरला गेल्यापासून मी त्या कविता पुन्हा वाचायला घेतल्या आहेत.

शेजारचे काका शनिवारी राणी चन्नम्मा एक्सप्रेसने तिकडे येत आहेत. त्यांच्याजवळ 'पिंगळावेळ' आणि अर्धा किलो कुंदा दिलाय. 'स्वामी'च्या पानात बसचं तिकीट घातलंय. एका रात्री एकच कथा वाच, आणि वाचताना गाणी बंद ठेव. इंदिराबाई मात्र पाठवत नाही. दिवाळीला येशील तेव्हा वरच्या खोलीत बसू. आधी तू तुझं गाणं लाव, मग मी 'मृगजळ' वाचते.

तुझी,
आई