रद्दीत देण्याआधी स्कॅन मोठा करून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाण्यात नौपाडा, चरई भागात जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. भाड्याच्या लहान जागेत सगळे मावत नाही, म्हणून लोक कपाटातले जुने कागद घरच्या स्कॅनरवर स्कॅन करतात, पेन ड्राइव्हवर ठेवतात आणि मूळ कागद रद्दीवाल्याला देऊन टाकतात. या घाईबद्दल मला कळकळीने लिहायचे आहे. छापखान्यात प्रोसेस कॅमेऱ्यावर, म्हणजे छपाईसाठी मजकुराच्या निगेटिव्ह काढणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्यावर, मी नोकरी केली. निगेटिव्हवरचे अक्षर तीक्ष्ण आले की नाही हे भिंगाने पाहणे हेच माझे काम होते, त्यामुळे शेजारचे लोक आपले स्कॅन मला दाखवायला आणतात. बरेचसे धूसर असतात.

आमच्याच मजल्यावरच्या एका काकूंनी त्यांच्या आईची पाककृतींची वही अशीच स्कॅन करून घेतली होती. पेन्सिलीने लिहिलेली, मधोमध शिवलेली वही. पानांचा बाहेरचा भाग स्वच्छ वाचता येतो, शिवणीकडची दोन बोटे जागा मात्र धुरकट. भाजणीत कोणती डाळ किती, ते आकडे नेमके तिथे. वही तोवर रद्दीत गेली होती. सॉफ्टवेअरमधल्या शार्पनिंगने अक्षरांच्या कडा गडद होतात, पण जे टिपलेच गेले नाही ते कुठून येणार?

दोष त्या स्कॅनरचा नव्हता. आज घरोघरी असतात ते वहीएवढे पातळ, यूएसबी केबलवरच चालणारे स्कॅनर सहसा सीआयएस सेन्सरचे असतात. सेन्सरची पट्टी काचेच्या अगदी खालून सरकते आणि फोकस जवळपास काचेच्या पृष्ठभागापुरताच असतो. कागद दोन-चार मिलिमीटर उचलला गेला तरी अक्षर फुटते. जुने जाड स्कॅनर, आत आरसे आणि भिंग असलेले, सीसीडी जातीचे. त्यांच्यात फोकसची खोली बरीच जास्त मिळते आणि पुस्तकाची घडीसुद्धा वाचण्याजोगी येते. म्हणून कोणाकडे चालू स्थितीतला तसा स्कॅनर असेल तर केवळ जुना म्हणून तो भंगारात काढू नये.

आपल्या स्कॅनरचा फोकस किती खोल आहे हे घरीच पाहता येते. प्लास्टिकची पट्टी घ्या, एक टोक काचेवर टेकवा, दुसऱ्या टोकाखाली काडेपेटी ठेवा आणि स्कॅन करा. पट्टीवरच्या रेघा कुठपर्यंत स्पष्ट दिसतात तेवढीच त्या यंत्राची ताकद. मग एखादा कोरा करकरीत छापील कागद सपाट ठेवून स्कॅन करा. तो स्वच्छ आला तर यंत्र ठीक आहे, तुमचा जुना कागद काचेला टेकत नाही. तोही सगळीकडे धूसर आला तर काच बघा. आपल्याकडच्या पावसाळ्यात काचेच्या आतल्या बाजूला पातळ धुके धरते, ते वरून दिसत नाही. अंधारात टॉर्च आडवा धरला की दिसते. वरची काच पुसताना पाणी फडक्यावर घ्यावे, काचेवर कधीही फवारू नये, ते कडेने आत झिरपते. एकाच बाजूला धूसर येत असेल तर बहुधा झाकण नीट बसत नसते, नाहीतर आतली पट्टी तिरकी झालेली असते. आणि उभ्या रेषा दातेरी दिसत असतील तर तो फोकसचा दोषच नव्हे, ती कंपने आहेत. शेजारच्या प्लॉटवर ब्रेकर चालू असताना स्कॅनिंग करू नये.

दमट हवेने कागद फुगतो, लाटा धरतो. असे कागद दोन सपाट फळ्यांमध्ये वजनाखाली काही दिवस ठेवावेत. इस्त्री फिरवू नये. घडीवर तुटू लागलेला कागद तर जबरदस्तीने उलगडूच नये. शिवलेली वही काचेवर दाबून चपटी करण्यापेक्षा वरून कॅमेऱ्याने, दोन्ही बाजूंनी तिरका प्रकाश देऊन, एकेक पान टिपणे बरे. मोडीतल्या कागदांबाबत तर फार जपावे लागते. अक्षरे एकमेकांत गुंतलेली असतात, कड जरा पसरली तरी वाचणारा अडतो.

स्कॅनरच्या खोक्यावरच्या ४८०० किंवा ९६०० डीपीआय (दर इंचाला टिपले जाणारे ठिपके) या आकड्यांना भुलू नये. साध्या कागदाला ३०० डीपीआय पुरते, बारीक हस्ताक्षराला आणि पेन्सिलीला ६००, तेही रंगीत किंवा ग्रे मोडमध्ये, कारण काळा-पांढरा मोड फिकट पेन्सिल खाऊन टाकतो. ३०० डीपीआयला ए४ पानाचे चित्र साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेलचे होते. तुमचे चित्र ८२७ बाय ११७० च्या आसपास असेल, तर ते १०० डीपीआयलाच झाले आहे. सरकारी संकेतस्थळांवर अर्जाबरोबर अगदी लहान फाइल मागतात, म्हणून लोक स्कॅन दाबून लहान करतात आणि तीच एक प्रत ठेवतात. मोठी फाइल वेगळी जपावी.

१८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय ज्या शहरात आहे, तिथे जुन्या कागदाची किंमत मी सांगायला नको. शहरातल्या वाचनालयांनी एखादा सीसीडी स्कॅनर वाचकांसाठी खुला ठेवावा, अशी माझी विनंती आहे. आणि सोसायट्यांच्या कमिट्यांनी घरे रिकामी करण्याच्या नोटिशीत एवढे जरूर छापावे: स्कॅन केलेले प्रत्येक पान संगणकावर शंभर टक्के आकारात उघडून, चारही कोपरे आणि घडीजवळचा भाग वाचून पाहिल्याशिवाय मूळ कागद घराबाहेर देऊ नये.

आपला,
एक निवृत्त प्रोसेस कॅमेरामन,
नौपाडा, ठाणे (प.)