ऑपरेटरकाका, मनापासून आभार

ती. काका,
सा. न. वि. वि.

हे तुमच्या घरी येऊनही सांगता आलं असतं. पण आभार चार लोकांत मानावेत असं वाटलं, कारण तुमचं काम चार लोकांना कधी दिसलंच नाही. टॉकीजमधल्या प्रत्येकाची पाठ तुमच्या प्रोजेक्टरच्या केबिनकडे असायची.

तालुक्याच्या गावातल्या टॉकीजचा इतिहास लिहायचा आहे, असं म्हटल्यावर शिकल्यासवरल्या माणसांनी मला विचारलं, "त्यात कसला आलाय इतिहास?" गढीवर लिहा, देवळावर लिहा, असे सल्ले मिळाले. एका टॉकीजच्या वारसांनी "कागद काढून ठेवतो" म्हणत उन्हाळा-पावसाळा झुलवलं आणि शेवटी सगळं रद्दीत घातल्याचं सांगितलं. एका कचेरीत जुन्या परवान्यांबद्दल विचारलं, तर समोरच्याने मानसुद्धा वर केली नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं तोवर आपल्याकडच्या मूकपटांपैकी बहुतेक नष्ट झाले होते, आणि त्याची हळहळ हीच माणसं भाषणांत करतात.

तुम्ही मात्र मी कोणाची कोण, हे विचारण्याआधी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढलीत. त्यात हँडबिलं होती, तिकिटांचे तुकडे होते आणि ती वही होती. आलेल्या प्रत्येक प्रिंटची अवस्था तुम्ही तिच्यात टिपून ठेवली होती: कुठल्या रिळाला जोड आहे, कुठे ओरखडे आहेत, फिल्मच्या कडेची कुठली भोकं फाटली आहेत. तुम्ही तसंच चिठ्ठीवर लिहून फिल्मच्या पेटीत टाकायचात, पुढच्या गावच्या ऑपरेटरला अडचण नको म्हणून. त्या माणसाला तुम्ही कधी पाहिलंही नव्हतं!

मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलंय ते तर अगदी साधं आहे. हँडबिलं इतकी जीर्ण होती की वाऱ्याने त्यांच्या कडा तुटत होत्या. भर मे महिन्याची दुपार, आणि तुम्ही काही न बोलता उठून पंखा बंद केलात. मी फोटो काढत होते, उतरवून घेत होते आणि तुम्ही घामाने भिजत एकेक कागद समोर धरत होतात. फक्त कडांना बोटं लावून, चित्राला स्पर्श न करता, फिल्म धरावी तसा. काकूंनी दोनदा येऊन पंखा लावायला सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "होऊ दे तिचं."

काका, माझ्या कामाला इतका मान तोवर कुणीच दिला नव्हता.

त्या दुपारी मला कळलं की सेकंदाला २४ चौकटी सरकतात म्हणून हजार फुटांचं रीळ जेमतेम ११ मिनिटं चालतं. प्रोजेक्टरच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या जळून आखूड झाल्या की त्यांच्यातलं अंतर हाताने सांभाळावं लागायचं, नाहीतर पडदा काळवंडायचा आणि खालून शिट्ट्या सुरू व्हायच्या. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात पहिला ठिपका आला की पुढचं रीळ लावलेलं दुसरं मशीन सुरू, दुसरा ठिपका आला की चित्र त्या मशीनवर. प्रेक्षकांना सांधा कळता कामा नये. जुनी नायट्रेटची फिल्म भडकन पेट घ्यायची म्हणून केबिनच्या झरोक्यांना लोखंडी झापडं असत, हेही तुमच्याकडूनच समजलं. २००५ नंतर उपग्रहावरून सिनेमे यायला लागले आणि हळूहळू हे सगळं कौशल्य घरी बसलं. त्याबद्दल तुम्ही कडवट शब्द काढला नाहीत. उलट म्हणालात, चित्र आता स्वच्छ दिसतं.

मला वाटतं, गावं टिकतात ती अशा माणसांवर. पुढच्याचं काम सोपं व्हावं म्हणून चिठ्ठी लिहिणारी, नक्की आठवत नसेल तर "ते साल लिहू नकोस" म्हणून बजावणारी माणसं. तुमचं नाव घालू का विचारलं, तेव्हा तुम्ही आधी डोअरकीपर, पोस्टर चिकटवणारे, एसटी स्टँडवरून पेट्या आणणारे हमाल यांची नावं सांगितलीत आणि स्वतःचं सांगायचं विसरलात. ती सगळी नावं पुस्तकात आहेत. तुमचंही आहे, तुम्हाला न विचारता घातलंय.

कच्ची प्रत येत्या आठवड्यात आणून देते. केबिनची आकृती मी काढली आहे, तिच्यात दोन मशिनांमधलं अंतर बरोबर आलंय का ते बघा. चूक दिसली की सरळ पेनाने खोडा.

तुमची,
रिळांच्या वहीवाली मुलगी