ऑपरेशनच्या आधी निनादला

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू तीन हॉस्पिटलांचे आकडे सांगितलेस आणि विचारलंस, यातलं कुठलं बरं पडेल? मी तेव्हा काही बोलले नाही. रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहायला बसले.

तू वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घेतोस याचं मला जराही वाईट वाटत नाही. 131 किलो वजन, रात्रभर घोरणं, चौतिसाव्या वर्षी साखर. ‘जरा मनावर घे’ म्हणणारे मलाही खूप भेटले होते. हा आजार आहे, त्यावर उपचार घेण्यात कमीपणा कसला? माझी काळजी वेगळी आहे. तू ऑपरेशनची किंमत विचारतो आहेस, पण ऑपरेशन दोन-तीन तासांत संपतं. त्यानंतरची वर्षं कोणाच्या भरवशावर काढायची, ते बघून सर्जन निवड.

2016 साली माझ्या अशाच ऑपरेशनसाठी आम्ही आधी एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो होतो. डॉक्टर भेटायच्या आधीच पॅकेजचा कागद पुढे आला. सर्जन आठ-दहा मिनिटं बोलले, स्लीव्ह करू म्हणाले. मला वीस वर्षं अॅसिडिटी होती. त्यांनी विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी दुर्बीण घातली. अन्ननलिकेला खालच्या बाजूला सूज निघाली. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं : स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात, केळ्यासारखी नळी उरते, आतला दाब वाढतो आणि आंबट वर येणं बळावू शकतं. काढलेलं परत बसवता येत नाही. म्हणून माझा बायपास केला, जठराचा वरचा लिंबाएवढा कप्पा वेगळा करून आतड्याला जोडला. तूही दोन उशा घेऊन झोपतोस. तेव्हा ज्या डॉक्टरांनी एंडोस्कोपी न करताच कुठलं ऑपरेशन ते ठरवलं, त्यांचं नाव यादीतून काढ.

उरलेल्यांना सरळ विचार. वर्षाला अशी किती ऑपरेशनं तुम्ही स्वतः करता? स्लीव्ह आणि बायपास दोन्ही करता का? जठराच्या टाक्यांतून गळती किती जणांना झाली, कितींना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं? तसं झालं तर तो खर्च पॅकेजात धरलाय का? रात्री दोन वाजता फोन कोण उचलतं? चांगला सर्जन या प्रश्नांवर चिडत नाही. शक्य झालं तर त्यांच्या चार-पाच वर्षं जुन्या पेशंटशी बोल. सहा महिन्यांत सगळेच बारीक होतात, त्यावरून काही कळत नाही. घोरण्याची तपासणी करून घे आणि रिपोर्ट भूल देणाऱ्या डॉक्टरांना दाखव. सिगारेटचंही त्यांना खरं सांग.

घरी आल्यावर ताप, वाढतं पोटदुखणं, धाप किंवा नाडी 120 च्या वर गेली, तर सकाळची वाट बघायची नाही. हे मुक्तालाही सांगून ठेव. साखरेच्या गोळ्या जुन्याच डोसने घेऊ नकोस. साखर पहिल्या आठवड्यातच उतरायला लागते. माझ्या गोळ्या डॉक्टरांनी डिस्चार्जच्या दिवशीच कमी केल्या होत्या.

आता खाण्याचं. पहिले दोन आठवडे मी नुसतं पातळ घेत होते : मुगाच्या डाळीचं गाळलेलं पाणी, ताक, दुधात प्रोटीन पावडर, तेही घोट-घोट. मग मिक्सरमधून काढलेलं, मग पिठलं, मऊ भुर्जी, कुस्करलेलं पनीर. दीड-दोन महिन्यांनी पोळीचा पहिला तुकडा खाल्ला आणि तो छातीत अडकून बसला. घास तोंडात पार पातळ होईपर्यंत चावायचा, आणि जेवताना पाणी नाही. अर्धा तास आधी किंवा अर्ध्या तासाने.

सगळ्यात जड गेली ती आपल्या ताटाची रीत. आपल्याकडे पोळी-भात म्हणजे जेवण आणि उसळ, वरण तोंडी लावायला. आता प्रोटीन दिवसाला 60 ते 80 ग्रॅम लागणार आणि पोट वाटीभराचं. अंड्यात 6 ग्रॅम, 100 ग्रॅम पनीरमध्ये साधारण 18, पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम पाच-सहा. म्हणून आधी अंडं, मासा, पनीर, चक्का, घट्ट उसळ, मग भाजी, जागा उरली तर भाकरीचा चतकोर. शनिवारचा उपवास सोड, बाळा. साबुदाणा आणि बटाट्यात तुला हवं ते काही नाही. मारुतीला नुसता नमस्कार पोचतो.

गौरी जेवणाच्या दिवशी मी सगळ्यांच्या आग्रहाखातर पाव पुरणपोळी खाल्ली होती. पंधरा मिनिटांत छाती धडधडायला लागली, दरदरून घाम, पोटात मुरडा. बायपासनंतर गोड एकदम आतड्यात उतरतं, त्याला डम्पिंग म्हणतात. आग्रह करणाऱ्यांना तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतील, घाबरू नकोस, माझे परत आले. पण व्हिटॅमिनच्या गोळ्यांच्या बाबतीत माझ्यासारखं करू नकोस. चौथ्या वर्षी बरं वाटतंय म्हणून मी त्या बंद केल्या. तळपायाला मुंग्या यायला लागल्या, मी वयावर घातलं. वार्षिक तपासणी चुकली म्हणून डॉक्टरांच्या आहारतज्ज्ञ बाईंनीच फोन केला. बी-12 अगदी तळाला गेलेलं निघालं, इंजेक्शनं घ्यावी लागली. तो फोन आला नसता तर? म्हणून म्हणते, असा फोन करणारी माणसं जिथे आहेत ते हॉस्पिटल बघ. मल्टिव्हिटॅमिन, बी-12, डी, कॅल्शियम, लोह हे आयुष्यभराचं. लोह आणि कॅल्शियम दोन तासांच्या अंतराने. आणि बायपास झाला तर अंगदुखीला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक मनाने घ्यायचं नाही, जोडाच्या जागी अल्सर होतो.

विम्याचं बाबा बघतील. हे ऑपरेशन पॉलिसीत बसतं का आणि प्रतीक्षा काळ संपलाय का ते बघायला हवं. पॉलिसीचा फोटो त्यांना पाठव.

मी पुढच्या आठवड्यात येते, महिनाभर राहीन. तोवर कुठेही आगाऊ रक्कम भरू नकोस. यादीत उरलेल्या डॉक्टरांची वेळ मी आल्यावरची घे, मी बरोबर येईन. येताना तुझ्या उष्टावणाची चांदीची वाटी आणते, मापाला तीच बरोबर आहे.

तुझी,
आई