मुलींच्या अ‍ॅनिमेशनपटांना ‘संदेशा’ची सक्ती कशाला?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या महिला दिनी आमच्या तालुक्याच्या गावी ‘स्त्री-पुरुष समानता’ या विषयावरील लघुपट स्पर्धेचा पारितोषिक समारंभ झाला. माझ्या एका माजी विद्यार्थिनीच्या दोन मिनिटांच्या अ‍ॅनिमेशनपटाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले होते, म्हणून मी मुद्दाम गेलो होतो. पाहुणे येईपर्यंतचा वेळ भरून काढण्यासाठी बक्षीसपात्र लघुपट पडद्यावर सोडण्यात आले आणि माइकवरून सूचना देता याव्यात म्हणून त्यांचा आवाज बंद ठेवला गेला. या मुलीच्या लघुपटात संवाद नाहीत. आहे तो फक्त भाकरी थापल्याचा आवाज, आणि सारी गोष्ट त्या आवाजावरच चालते.

आजोबा, वडील आणि मुलगा जेवायला बसले आहेत. आई भाकऱ्या थापते आहे आणि दर भाकरीगणिक डब्यातले पीठ खाली जाते आहे. सगळ्यांचे झाल्यावर ती उरलेल्या चतकोर भाकरीने पातेले पुसून घेते. मुलगा ताट तसेच टाकून उठतो, बहिणीचा हात सवयीने त्या ताटाकडे जातो आणि मध्येच थांबतो. लघुपट इथेच संपायला हवा होता; पण ‘शेवटी स्पष्ट संदेश असणे आवश्यक’ अशी स्पर्धेची अट असल्यामुळे त्या थांबलेल्या हातावर ‘मुलगा-मुलगी एकसमान’ अशी जाड अक्षरे येऊन बसतात. सेकंदाला १२ या हिशेबाने १,४४० चित्रे एकटीने काढणाऱ्या मुलीला, तुझी चित्रे पुरेशी बोलत नाहीत, असे सांगण्यासारखेच हे आहे. (माझ्या घरीही पातेले कोण पुसून घेते, हे मी इतकी वर्षे पाहिले नव्हते, हेही येथे नमूद करतो.)

युनिसेफसाठी मुंबईच्या राम मोहन यांनी घडवलेली ‘मीना’ ही कार्टूनमधली मुलगी नव्वदच्या दशकात दक्षिण आशियातील मुलांनी पाहिली. भावाला आंब्याचा मोठा वाटा मिळतो आणि आपल्याला लहान, हे पाहून ती एका दिवसापुरती त्याच्याशी कामांची अदलाबदल करते आणि तिच्या वाट्याचे कष्ट व घास किती, हे त्याचे त्यालाच कळते. उपदेश तिथेही होता, पण आधी गंमत होती. जे. जे. उपयोजित कला संस्थेत शिकलेल्या गीतांजली राव यांचा ‘प्रिंटेड रेनबो’ २००६ साली कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात गाजला. काडेपेट्यांवरच्या चित्रांत शिरून जग हिंडणारी त्यातली एकाकी म्हातारी कोणतीही घोषणा देत नाही. नीना सबनानी यांनी २००९ मध्ये ‘टांको बोले छे’ करताना कच्छमधील कशिदाकार स्त्रियांच्या कापडकामालाच चालते केले आणि गोष्ट त्यांच्याच तोंडून सांगवली. स्त्रीचे म्हणणे तिच्याच हातच्या कामातून मांडता येते, यासाठी याहून चांगला दाखला मला सुचत नाही.

या व्यवसायाचा इतिहासही इथे आठवावा असा आहे. १९३८ साली डिस्ने कंपनीने नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या एका तरुणीला, व्यंगपटांचे सर्जनशील काम पूर्णपणे तरुण पुरुषच करतात, मुलींसाठी आहे ते फक्त सेल्युलॉइडवर रेषा गिरवण्याचे आणि रंग भरण्याचे, असे छापील पत्रशीर्षावर कळवले होते. आज मुली स्वतः कथा रचून, चित्रे काढून, ध्वनी जुळवून पूर्ण चित्रपट करतात; त्यांच्या शेवटच्या चौकटीवर मात्र अजून दुसऱ्याची अक्षरे येतात.

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांना माझी विनंती आहे की त्यांनी ही अट काढून टाकावी, लघुपट आवाजासह आणि अखंड दाखवावेत आणि प्रमाणपत्र व पुष्पगुच्छाबरोबर कामाचे चार पैसेही द्यावेत. राज्य सरकारने २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन क्षेत्रासाठी धोरण मंजूर केले, पण त्याची चर्चा गुंतवणूक आणि रोजगाराच्या आकड्यांभोवतीच फिरते आहे. त्याच धोरणाच्या निमित्ताने अशा लघुपटांचा संच माध्यमिक शाळांना देता येईल. एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांच्या तयारीला कलाशिक्षक तास काढतातच. त्यातला एखादा यासाठी सहज निघेल.

मी स्वतः हा लघुपट, ती अक्षरे येण्याआधीच थांबवून, जुन्या शाळेतील आठवीच्या वर्गाला दाखवला. थोडा वेळ कोणी काही बोलले नाही. मग मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, मग ते ताट उचललं कोणी?” त्यावर वर्गात जो वाद सुरू झाला, तो तासाची घंटा झाल्यावरही मिटला नव्हता.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कलाशिक्षक, जि. सातारा